तोतारामच्या मुलाचं झुकतं माप

मशीनला दिलेलं परत मागायची कुंदन बडगुजरची एक रीत आहे. आधी तो चहा पितो. मग खुर्ची जवळ ओढतो. एक ओळ टाइप करतो आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतो. मागणाऱ्यानं घाई करू नये, असं त्याचं म्हणणं.

त्या आठवड्यात तो रोज साडेचारला असाच बसला. सहा प्रोसेसर परत मागितले. मशीननं रोज दोन दिले. तिसरा दिला नाही.

हे सगळं जळगावच्या एमआयडीसीत चाललं होतं. दलिचंद शेठजींच्या डाळ मिलच्या मागच्या बाजूला दहा बाय बाराची एक खोली आहे. बाहेर तुरीच्या टरफलांचा वास. आत एसीची थंडी. भिंतीला लागून एक मोठा कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर. शेठजींचा नातू श्रेयांस याची छोटी कंपनी या एका सर्व्हरवर चालते आणि तो सर्व्हर एकटा कुंदन सांभाळतो.

त्या एका लोखंडी पेटीत दोन मशीन राहतात. दोन्ही खोटी. म्हणजे हात लावून दाखवता येत नाहीत. सर्व्हरच्या पोटात ती कागदोपत्री उभी केलेली असतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपण खरे आणि आपण एकटेच. या धंद्यात आतल्या अशा मशीनला गेस्ट म्हणतात. पाहुणा. पहिला पाहुणा काट्याचा. बोदवडला दोन, पाचोऱ्याला दोन, पारोळ्याला एक आणि इथे डाळ मिलच्या फाटकावर एक, असे सहा वजनकाटे त्याला जोडलेले. ट्रक काट्यावर चढला की वजन इथे येतं आणि पावती तिथे निघते. दुसरा पाहुणा दुधाचा. धुळे जिल्ह्यातल्या दोनशेबारा संकलन केंद्रांवर फॅट मोजलं जातं, आकडा इथे येतो, चिठ्ठी तिथे निघते.

काट्याची गर्दी दिवसा. दुधाची संध्याकाळी. सर्व्हरकडे वाटायला प्रोसेसर बारा. मशीनची कामं करणारे हात म्हणजे प्रोसेसर. दिवसा काट्याला आठ, दुधाला चार. संध्याकाळी काट्याला दोन, दुधाला दहा. असं केलं की बारा हात दोघांना पुरतात. नवीन सर्व्हर घ्यावा लागत नाही.

द्यायला काहीच अडचण नसते. चालू मशीनला आणखी हात दिले की ते लगेच घेतं. परत घ्यायची गोष्ट वेगळी. सर्व्हर पाहुण्याचा हात ओढून घेऊ शकत नाही. तो फक्त विनंती करतो. पाहुण्यानं त्या हातातलं काम दुसऱ्या हातात द्यायचं, हात मोकळा करायचा आणि स्वतः तो परत करायचा. पाहुणा नाही म्हणाला, तर यजमान गप्प.

कुंदनला हे कळलं तेव्हा तो श्रेयांसला म्हणाला होता की ज्यानं हे बनवलं तो नक्की खान्देशातला असणार. आपल्याकडेच पाहुण्याला ताटावरून उठ म्हणता येत नाही.

मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर हवे तेवढे प्रोसेसर मिळतात. पण त्याला सहा मिनिटं लागतात. ती सहा मिनिटं सहाही काटे आंधळे. नोव्हेंबरात साडेचार वाजता बोदवडच्या जिनिंगच्या दारात कापसाच्या चाळीस गाड्या असतात. मागच्या हंगामात कुंदननं एकदा मशीन बंद केलं होतं. तेव्हा बोदवडचा काटेवाला धनसिंग फोनवर जे बोलला, ते कुंदन अजून कुणाला सांगत नाही. फक्त हसतो.

म्हणून चालू मशीनमधून प्रोसेसर काढायचे. जूनमध्ये त्यानं हे करून पाहिलं होतं. त्याच्या वहीत तारखेसकट नोंद आहे. आठवरून दोनवर, नऊ सेकंदांत. आता नोव्हेंबरात तेच मशीन, तीच ओळ, आणि आठवरून सहावरच गाडी थांबायची.

दुधाला दहाच्या जागी सहाच हात मिळत होते. धुळ्याच्या अलीकडे एका गावात प्रमिलाबाई संकलन केंद्र चालवतात. त्यांचा रोज सव्वासहाला फोन यायचा. चिडून नाही. अगदी शांतपणे.

"कुंदनभाऊ, बाया कॅनी लई उभ्या शेतस. दूध आठेच तापाडी टाकू का?"

बाया कॅन घेऊन उभ्या आहेत, दूध इथेच तापवून टाकू का, असं त्यांचं अहिराणीत विचारणं. कुंदन म्हणायचा, अक्का, दोन दिवस द्या. प्रमिलाबाई म्हणायच्या, दोन दिवसांनी दही होईल.

श्रेयांसकडे पुण्याच्या एका कंपनीचा प्रस्ताव येऊन पडला होता. सगळं त्यांच्याकडे न्यायचं. तिकडे हात मागाल तेवढे. इथली खोली बंद. श्रेयांस वाईट माणूस नाही. त्यानं कुंदनला समोर बसवून सांगितलं की तुला ते लोक घेतील, मी बोललोय. फक्त पुण्याला राहावं लागेल. शनिवारी आजोबा स्वतः येऊन बघतील. तुझं जमलं तर इथेच. नाही जमलं तर सोमवारी सही.

कुंदन पुण्याला एकदा राहून आलेला आहे. धुळ्यात डिप्लोमा झाल्यावर अकरा महिने. परत का आलास, असं कुणी विचारलं तर तो वांग्याचं कारण सांगतो. पुण्यात भरताचं वांगं मिळत नाही, आणि जे मिळतं त्याला तो वांगं मानत नाही. खरं कारण त्यानं एकदाच सांगितलं. आई गेल्यावर तो पहिल्यांदा सुट्टीवर घरी आला होता. न कळवता. घरात वडील एकटेच. आणि चुलीजवळ दोन माणसांचं जेवण झाकून ठेवलेलं. तोतारामला एकाचं करता येत नव्हतं. उरलेलं तो दुपारी गल्लीतल्या गायीला घालायचा. कुंदन पुण्याला गेला तो फक्त सामान आणायला.

तोताराम बडगुजर मूळचा पारोळ्याकडचा. जळगावच्या दाणाबाजारात दलिचंद शेठजींच्या दुकानात त्यानं चौतीस वर्षं डाळ तोलली. हातात तागडी धरून. त्याची ख्याती एकच. तागडीचा काटा मध्यावर आला की बाकीचे तोलणारे हात काढायचे. तोताराम काढायचा नाही. वर मूठभर डाळ टाकायचा. पारडं गिऱ्हाइकाकडे झुकलं की मगच हात काढायचा. शेठजी गादीवरून ओरडायचे की तोताराम, तुझा काटा सरळ उभा कधी राहणार. तोताराम म्हणायचा, उद्या. चौतीस वर्षं उद्याच म्हणाला. गिऱ्हाईक मात्र पाचोऱ्याहून त्याच्याच तागडीसमोर येऊन उभं राहायचं. शेठजींनी त्याला कधी काढलं नाही.

मोजताना तो एक म्हणायचा नाही. पहिल्या मापाला लाभ म्हणायचा. लाभ, दोन, तीन. कुंदनच्या वहीतही प्रोसेसरांची यादी तशीच आहे. लाभ, दोन, तीन, थेट आठपर्यंत. गंमत म्हणजे पहिला प्रोसेसर चालू मशीनमधून सहसा निघतच नाही. मशीन त्याच्यावरच उभं राहिलेलं असतं. कुंदनला यात काही नवल वाटत नाही. लाभ कोण परत करतं, असं तो विचारतो.

त्या आठवड्यात त्यानं काय काय केलं, ते बघण्यासारखं होतं.

सोमवारी त्यानं विनंती पोहोचते का ते पाहिलं. काही मशीन बहिरी असतात. आधी दुधाचा पाहुणा विंडोजवर होता. तो हात घ्यायचा आणि परत द्यायचं त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणून कुंदननं मागच्या वर्षी त्याला लिनक्सवर आणलं होतं. काट्याचा पहिल्यापासून लिनक्सवर. लिनक्सला परत देता येतं. पण तेही तशी तयारी आत असेल तरच. तयारी होती. विनंती पोहोचत होती. पाहुण्याच्या रोजनिशीत तिची वेळसुद्धा नोंदलेली होती.

मंगळवारी त्यानं प्रोसेसरांची यादी तपासली. मशीन उभं करताना काही प्रोसेसर कायमचे म्हणून बांधून देता येतात. चुकून सगळेच बांधले गेले असतील, असं त्याला वाटलं. नव्हते. लाभ आणि दोन एवढेच बांधलेले. बाकी सहा सुटे.

बुधवारी त्यानं नकाराचं कारण शोधलं. रोजनिशीत एकच शब्द होता. बिझी. तो प्रोसेसर कामात आहे. कुंदननं पाहिलं, तर तो शंभरातले दोन टक्केही काम करत नव्हता. रिकामा बसला होता आणि कामात आहे म्हणत होता. कुंदन म्हणाला, असे लोक मी पाहिलेत, मशीन पहिल्यांदा पाहतोय.

गुरुवारी त्यानं जगाला विचारलं. इंटरनेटवर अशा लोकांचा एक कट्टा आहे. रात्रीत तीन उत्तरं आली. तिघांनी एकच सांगितलं. बंद करून चालू कर.

शुक्रवारी त्यानं वही काढली. जूनची नोंद उघडून बसला होता. आठवरून दोनवर, नऊ सेकंदांत. त्याच्या अक्षरात. तो ती ओळ अशी बघत होता, जणू दुसऱ्या कुणी लिहिली असावी.

शनिवारी चारला दलिचंद शेठजी आले. वय ब्याऐंशी. पांढरं धोतर, पांढरा सदरा, अंगावर शाल. एसीची हवा लागताच त्यांनी शाल डोक्यावरून घेतली. शेठजी सूर्यास्तापूर्वी जेवतात. घरी कुसुमलताबाई, म्हणजे त्यांची सून, साडेपाचला पान वाढून वाट बघत असतात. त्यामुळे त्यांनी बसतानाच सांगितलं की मी सव्वापाचला उठणार, मशीन उठो न उठो.

श्रेयांस उभाच राहिला. हातात फोन. कुंदननं चहा प्यायला. खुर्ची ओढली. ओळ टाइप केली. हात मांडीवर ठेवले.

आठ. सात. सहा.

मग काही नाही. खोलीत फक्त पंख्यांचा आवाज. श्रेयांसनं नातवाच्या हळुवारपणानं आजोबांना सांगितलं की हे रोज इथेच थांबतं. शेठजींनी मान हलवली. कुंदननं पुन्हा मागितलं. बिझी. पुन्हा मागितलं. बिझी. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एसीत.

तेवढ्यात फोन वाजला. बोदवडहून धनसिंग. काट्याच्या लोखंडी पाटाखाली सरकी जाऊन बसली होती. ती काढायची होती. दहा मिनिटं एक काटा बंद करतो, असं सांगायला त्यानं फोन केला होता. कुंदन बरं म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं. फोन ठेवून त्यानं सवयीनं आणखी एकदा मागितलं.

पाच.

श्रेयांस पुढे वाकला. दिला की, असं म्हणाला. कुंदननं लगेच चारवर यायला सांगितलं. बिझी. तरी एक सुटला होता. आठवड्यात पहिल्यांदा. कुंदनला आनंद व्हायला हवा होता. त्याला तो होत नव्हता. का सुटला ते कळलं नव्हतं, आणि न कळता मिळालेलं त्याला पचत नाही.

दहा मिनिटांनी पुन्हा धनसिंग.

"कुंदनभाऊ, काटा उठत नाही. वर गाडी उभी आहे, मागे अकरा गाड्या आहेत आणि मी मध्ये आहे."

कुंदननं पाहिलं. धनसिंगच्या काट्याचा प्रोग्राम सुरू होत होता आणि लगेच बंद पडत होता. पडताना एक ओळ सोडून जायचा. जागा नाही. कुंदननं दोन क्षण त्या ओळीकडे पाहिलं. मग श्रेयांसला काही न सांगता त्यानं सुटलेला प्रोसेसर काट्याच्या मशीनला परत देऊन टाकला.

धनसिंगचा काटा उठला. फोनवरून कुणीतरी गाडी पुढे घ्यायला सांगत असल्याचा आवाज आला.

श्रेयांसनं विचारलं, मिळालेला परत का दिला.  कुंदन बोटं मोजत होता. बोदवड दोन. पाचोरा दोन. पारोळा एक. इथला एक. सहा काटे चालू, सहा प्रोसेसर अडकलेले. एक काटा बंद, पाच. आणि जूनमध्ये कापूस नसतो. जिनिंग बंद असतात. जूनमध्ये फक्त दोन काटे चालू होते, पाचोऱ्याच्या डाळ मिलचा आणि इथला. म्हणून जूनमध्ये मशीन दोनपर्यंत आलं होतं. त्याला दोनच हवे होते, दोन मिळाले, तो खूश झाला. तिसरा काटा असता तर तेव्हाच कळलं असतं.

एक काटा, एक प्रोसेसर. कुणीतरी प्रत्येक काट्याला एक अख्खा प्रोसेसर देऊन ठेवला होता.

काट्याचा प्रोग्राम सात वर्षांपूर्वीचा. कुंदननं तो उघडला. तीनशे ओळींचा. त्याला हवी ती ओळ शोधायला वेळ लागला नाही. ती बघून तो मागे टेकला. 

शेठजींनी विचारलं, "काय सापडलं?"

कुंदननं त्यांना समजावून सांगितलं. मशीनमध्ये एखाद्या कामाला वेळ राखून देता येतो. दर शंभर क्षणांतले इतके क्षण याचे, मग इतरांचं काहीही होवो. एकदा असा शब्द दिला की मशीन तो मोडत नाही. ते काम राखलेला वेळ वापरो न वापरो. आणि हात काढून घेतल्यानं दिलेला शब्द मोडणार असेल, तर मशीन हात सोडत नाही. बिझी म्हणतं. सात वर्षांपूर्वी काटे जुन्या मशीनवर अधूनमधून अडकायचे. ट्रक उभा असताना वजनाचा आकडा थिजायचा. तेव्हा कुणीतरी वजन वाचायच्या कामाला असा वेळ राखून दिला होता. तेव्हा प्रोसेसर काढायचा प्रश्नच नव्हता, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

शेठजींनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला. वजन वाचायला शंभरातले किती लागतात.

"एक," कुंदन म्हणाला.

"आणि राखलेत किती?"

"नव्वद."

श्रेयांसनं फोन खिशात ठेवला. शेठजी स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांना तिथलं काही वाचता येत नव्हतं. नव्वद मात्र कळलं होतं. प्रत्येक प्रोसेसरच्या शंभरातले पाच मशीन स्वतःसाठी ठेवतं. उरले पंचाण्णव. त्यात एक नव्वद बसतो. दुसरा बसत नाही. इतकं साधं होतं ते.

"कोणी राखले?" शेठजींनी विचारलं.

"मीच."

शेठजी हसले. आधी नुसते खांदे हलले. मग शाल डोक्यावरून खाली आली. एवढे हसले की श्रेयांसनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

"तोतारामचा पोरगा," ते म्हणाले. "अरे, तुझा बाप मूठभर जास्त घालायचा. तू पोतंच घातलंस."

कुंदनलाही हसू आलं. पण हात कीबोर्डवर जाईनात. आता नव्वदाचे कमी करायचे होते. चालू प्रोग्रामचा राखीव वेळ चालता चालता बदलता येतो, हे त्याला ठाऊक होतं. पण सहाही काट्यांवर गाड्या होत्या. कमी केलं आणि एखाद्या ट्रकचा आकडा थिजला तर. भरलेल्या गाडीचं वजन चुकलं तर. त्यानं घड्याळ बघितलं. पाच वाजून दोन मिनिटं. तो म्हणाला की हे अंधार पडल्यावर, काटे रिकामे झाल्यावर करतो. श्रेयांस म्हणाला की मग दुधाचं आज काय. 

शेठजी उठले. खिडकीपाशी गेले. तिथून मिलचं फाटक दिसतं. फाटकावरच्या काट्यावर तुरीचा ट्रक नुकताच चढला होता.

"आधी माझ्या काट्यावर कर," ते म्हणाले. "बिघडला तर माझा बिघडेल."

वॉचमनला सांगितलं गेलं की गाडी हलवू नको आणि आकडा ओरडून सांगत राहा. तो ओरडला. चोवीस हजार आठशे साठ. कुंदननं नव्वद खोडले. एक लिहिलं. थांबला. एकाकडे बघत राहिला. वजनाला एकच लागतो. एक बरोबर होता. अगदी मध्यावर.

त्यानं एक खोडला आणि पाच लिहिले.

वॉचमन ओरडला. चोवीस हजार आठशे साठ. ड्रायव्हर खाली उतरला. चोवीस हजार सातशे नव्वद. ड्रायव्हर वैतागून पुन्हा वर चढला. चोवीस हजार आठशे साठ. ड्रायव्हर सत्तर किलोचा आहे हे सगळ्या मिलला कळलं. आकडा कुठे थिजला नाही, कुठे अडखळला नाही.

मग पारोळा. मग पाचोऱ्याचे दोन. मग बोदवडचा एक. धनसिंगचा सगळ्यात शेवटी, कारण धनसिंगला कुंदन भितो. प्रत्येक ठिकाणी फोन, प्रत्येक ठिकाणी आकडा, प्रत्येक ठिकाणी पाच. धनसिंगनं विचारलं की काय केलं. कुंदन म्हणाला, काही नाही. धनसिंग म्हणाला, मग ठीक आहे.

पाच वाजून अकरा मिनिटं. कुंदननं तीच ओळ पुन्हा टाइप केली. या वेळी चहा नव्हता. हात मांडीवर ठेवायचे तो विसरला.

पाच. चार. तीन. दोन.

चार सेकंद लागले. कुंदननं वहीत लिहून ठेवलं आहे. चौघं सुटले, सुटल्या सुटल्या दुधाच्या पाहुण्याकडे गेले आणि तिथे लगेच कामाला लागले. काटे चालूच होते. वॉचमन अजून ओरडत होता. त्याला थांब म्हणायचं राहिलं होतं.

शेठजींनी विचारलं की आता आणखी काढले तर. कुंदन म्हणाला, दोन बांधलेले आहेत आणि पहिला तर निघतच नाही, त्याला मी लाभ म्हणतो.  शेठजींनी शाल नीट केली. श्रेयांसला म्हणाले की पुण्याला कळव, सोमवारी येऊ नका. श्रेयांसनं खिशातून फोन काढला. दारात शेठजी थांबले.

"पाच का ठेवलेस? एक पुरत होता ना?"

कुंदन म्हणाला, "शेठजी, उद्या सरळ करतो."

शेठजी वयाच्या मानानं फार भरभर गाडीपर्यंत गेले. जेवायला उशीर होत होता म्हणून असेल. खांदे मात्र हलत होते.

सव्वासहाला प्रमिलाबाईंचा फोन आला नाही. साडेसहाला आला नाही. कुंदन फोनकडे बघत खोलीत थांबला. दुधाच्या पाहुण्याकडे दहा हात होते आणि दहाही चालत होते. दोनशेबारा गावांतून आकडे येत होते आणि चिठ्ठ्या जात होत्या. पावणेसातला त्यानं न राहवून स्वतःच फोन लावला.

प्रमिलाबाई जरा नाराज वाटल्या. पूर्वी चिठ्ठीला चार-चार मिनिटं लागायची. बाया रांगेत उभ्या राहायच्या. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं, सगळ्या गावाचं तिथे कळायचं. आज माप पडलं की चिठ्ठी हातात आणि सगळ्या घरी.

"बठ्ठ्या बाया घर निंघी गयात, भाऊ. मनासंगे बोलाले कोनीच ऱ्हायनं नई."

कुंदननं माफी मागितली. दुरुस्त झाल्याबद्दल त्यानं पहिल्यांदाच कुणाची माफी मागितली असेल. प्रमिलाबाई म्हणाल्या की राहू द्या, सवय होईल.

घरी तोतारामनं वरण-बट्टी केली होती. सोबत घोटलेल्या वांग्याची भाजी. वय चौऱ्याहत्तर. आता हाताला कंप आहे, पण बट्ट्या अजून एकसारख्या होतात. कुंदननं जेवता जेवता सगळं सांगितलं. प्रोसेसर वगळून. वजनाला एक लागतो, मी नव्वद दिले होते, आता पाच ठेवले, एवढंच. पुण्याला जायचं नाही, हे त्यानं सांगितलं नाही. जायचं होतं, हेही त्यानं आठवडाभर सांगितलं नव्हतं.

तोतारामनं सगळं ऐकून घेतलं. त्याला एकच गोष्ट विचारायची होती.

"काटा कोठे चुकना का?"

"नई, आबा."

"मंग बरं शे."

थोड्या वेळानं त्यानं शेठ काय म्हनना, असं विचारलं. कुंदननं मूठ आणि पोत्याचं सांगितलं. तोताराम हसला नाही. तो विचारात पडला. मूठ त्याची स्वतःची होती, चौतीस वर्षांची. ती मोठी की लहान, हे त्यानं कधी मोजलं नव्हतं. त्यानं उजवा हात समोर धरला, उघडला, मिटला. कंप होताच. मग तो पातेल्याकडे वळला आणि मुलाला विचारलं की आणखी किती वाढू.

कुंदन म्हणाला, दोन.

तोतारामनं दोन वाढल्या. हात पातेल्यावरच राहिला. मग तिसरी ठेवली.